दुधनाकाठची वडिलोपार्जित विद्या

परतूर तालुक्यांतून वाहणारी दुधना पुढें पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते. हिच्या काठीं गळ टाकून निश्चल बसलेले आजे-नातू आम्हीं पाहिले आहेत. शाकाहारी कुटुंबांत ह्या छंदाची गोष्ट क्वचितच निघते. तथापि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती, आमिष, दोरी व काठी यांचें विवेचन आहे. राजानें जें ग्रंथीं लिहिलें, तसलेंच ज्ञान भोयांच्या घरीं बापाच्या हातून मुलाच्या हातीं येतें. ग्रंथाची प्रत पुन्हा करितां येते. हातची विद्या एका पिढीनें सोडिली कीं लोपते. म्हणून, वाचकहो, नदीकाठीं जाल तेव्हां मुलांसह घटकाभर थांबून ती अवश्य पाहावी.