जबड्यात सुई घेण्याआधी हे विचारा

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, पोस्ट जरा लांब झालीय. पण घरात कुणाचा जबडा दुखत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझी थोरली बहीण कोरेगाव तालुक्यात दिलीय. चार महिने तिच्या कानाच्या पुढं दुखत होतं, तोंड उघडलं की कट्ट आवाज. आधी कानाचे डॉक्टर झाले, मग अक्कलदाढेवर संशय. शेवटी एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, जबड्याच्या सांध्यात तीन इंजेक्शनं घ्या, पॅकेज आहे, आज पैसे भरले तर सवलत. ताईनं मला विट्याला फोन केला, "भरू का रे पैसे?" मी विचारलं, इंजेक्शन कशाचं? तिला सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवरही नाव नव्हतं.

माझा राग इथं आहे. सुई म्हणजे एकच औषध नव्हे. स्टेरॉइड सूज उतरवायला देतात. हायलुरॉनिक ॲसिड सांध्यात वंगणासारखं. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेला भाग. बोटॉक्स तर सांध्यात नाही, चावायच्या स्नायूत देतात. आणि सांधा सलाईननं धुऊन काढणं ही आणखी वेगळी प्रक्रिया. यातलं काय, कशासाठी, हे कळल्याशिवाय खिशात हात घालायचा?

ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०२३ च्या डिसेंबरात जबड्याच्या जुनाट, म्हणजे तीन महिन्यांच्या वरच्या दुखण्यावर मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात ठाम शिफारस आहे ती देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हातानं सांधा-स्नायू मोकळे करणं आणि दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारं समुपदेशन यांची. स्टेरॉइड, हायलुरॉनिक ॲसिड, बोटॉक्स, सांधा धुणं यांच्याबद्दल कल नकाराकडं आहे. म्हणजे बंदी नाही, पण बहुतेकांनी तिथून सुरुवात करू नये. मार लागलाय, संधिवात आहे, तोंड एकाएकी अडकलंय, तर गोष्ट निराळी. तिथं जबड्याचे सर्जन तपासून ठरवतील.

ताईला आम्ही दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवलं. जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडायचं, गरम शेक, भाकरी आमटीत कुस्करून, शेंगदाणे बंद, जांभई आली की हनुवटीखाली हात. सहा आठवडे तिनं नेमानं केलं. आवाज अजून येतो, पण दुखणं पुष्कळ उतरलंय.

आता व्यायामाचं पॅकेज होत नाही, म्हणून तो कुणी विकत नाही. आणि शिकवणारा फिजिओथेरपिस्ट जवळ असायला हवा. दंत महाविद्यालयं सांगलीत आणि कराडात. जतच्या, आटपाडीच्या, माण-खटावच्या बाईनं आठवड्याला रोजगार बुडवून एसटीनं यायचं? ती जवळच्या दवाखान्यात सुईच घेणार. तिला नावं ठेवून काय उपयोग?

आणखी एक, मावा खाणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. तोंड दिवसेंदिवस कमी उघडतंय, गाल आतून पांढरट-कडक झालाय, तिखटानं आग होते, तर तो बहुधा सांधा नव्हे. सुपारीनं तोंडाचं आतलं कातडं आखडतं. त्यातही गालात इंजेक्शनं देतात, पण आजार वेगळा, आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, मावा मात्र टपरीवर अजून घोटला जातोय. अशा माणसानं सुईच्या पॅकेजमध्ये महिने घालवू नयेत, आधी तोंड तपासून घ्यावं.

दवाखान्यात एवढंच विचारा: औषधाचं नाव काय? सांध्यात की स्नायूत? आधी व्यायाम करून बघितला तर काय बिघडेल? आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बसतो का, कुठल्या वारी, ते खाली तालुक्याच्या नावासह लिहा. यादी झाली की दोन्ही जिल्हा परिषदांकडं मी स्वतः घेऊन जातो.