आभाळ भरलं, पण पडलं कुठं?

‘आभाळ भरून आलं आन् गावाला बगल देऊन गेलं’ ही तक्रार नांदूरघाटात दर पावसाळ्यात ऐकू येते. केज तालुक्यातला हा आमचा भाग बालाघाटच्या पठारावरचा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इथं हुकलेला ढग माणसं वर्षभर विसरत नाहीत. कुणी डोंगराला बोल लावतं, कुणी पवनचक्क्यांना. मी घराच्या खिडकीतून येत्या पावसाचे टाइम-लॅप्स करतो. पडद्यावर पाहिलं की या तक्रारीचं उत्तर मिळतं: तो ढग बहुतेकदा वाटेतच मेलेला असतो.

दर तीन सेकंदांनी एक फोटो घेतला, तर तासाला १२०० होतात. सेकंदाला २५ या वेगानं ते चालवले की तासाभराचं आभाळ ४८ सेकंदांत उलगडतं. नुसत्या डोळ्याला जो ढग सरकत आल्यासारखा वाटतो, तो इथं उकळत्या दुधासारखा वर चढताना दिसतो. एकटा गडगडाटी ढग साधारण अर्धा ते एक तास जगतो. पाऊस पडू लागला की त्याच्यासोबत थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि पुढची उबदार, दमट हवा उचलते. तिथं दुसरा ढग उभा राहतो, कधी आपल्या शिवारावर, कधी चार कोस बाजूला. पावसाआधी अंगावर येणारी धूळ याच थंड वाऱ्याची असते. पवनचक्क्यांचा यात काही हात नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी गंमत दिसते. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेला धावतात, पण उंच वाढलेल्या ढगाचा ऐरणीसारखा माथा उलटा पश्चिमेकडे ओढला जातो. त्या काळात १४-१५ किलोमीटरवर पूर्वेकडून जोराचा वाऱ्याचा झोत वाहत असतो. वरच्या ढगाकडे पाहून पाऊस कुठून येणार हे सांगणारे इथंच फसतात.

साहित्याचं फार स्तोम नको. मोबाइल, स्टँड आणि पॉवर बँक पुरे, कारण वादळाआधी वीज जाणारच. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. शेवटी चौकट काळी पडली तर पडू द्या. अंधारून येणं हाच तर विषय आहे. चौकटीत विजेचा खांब किंवा लिंबाचं झाड ठेवा, म्हणजे ढगाची दिशा कळते. काचेतलं प्रतिबिंब टाळायला मागं काळं कापड लावा. आणि वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर गच्चीवर कुणीही थांबायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असू द्यावं.

जपानमध्ये मासानाओ आबे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी फुजी पर्वतावरच्या ढगांचं असं चित्रण सुरू केलं. एकच ढग दोन ठिकाणांहून टिपला की त्याची उंची आणि जागा काढता येते. ही जागा आपल्याला कशाला हवी? आपल्याकडं अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर, २४ तासांत पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर. मापकापासून दूरच्या शिवारात काय कोसळलं, याची नोंद त्यात येत नाही. म्हणून केज, धारूर, पाटोदा, वाशी भागातल्या वाचकांना विनंती आहे: येत्या वळवाच्या दिवसांत आपापल्या खिडकीतून आभाळ टिपा, आणि प्रत्येक चित्रणावर गाव, दिशा आणि सुरुवातीची वेळ न चुकता लिहा.