गळती

दिवाळीची साफसफाई निघाली की माझ्या टेबलाच्या खणातून दरवर्षी एक लहानशी पितळी किल्ली बाहेर येते. तिचे कुलूप केव्हाच हरवले. ते ज्या जीपला होते ती जीपही भंगारात गेली. "ही आता टाकायची ना?" असे आमच्या घरात दरवर्षी विचारले जाते आणि मी दरवर्षी "राहू दे" म्हणतो. जुन्या वस्तूंवर जीव जडावा असा माझा स्वभाव नाही. पण या किल्लीची गोष्ट निराळी आहे.

हकीकत १९९४ सालची. पालघर जिल्हा व्हायला अजून वीस वर्षे होती; डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यातच मोडत. डहाणूला माझे वह्यापुस्तकांचे दुकान होते. तलासरीकडच्या शाळांना माल पोचवण्यासाठी मी एक जुनी डिझेलची जीप घेतली होती. तिच्यावर गंजाडकडचा एक वारली तरुण ड्रायव्हर होता. डहाणूहून आशागड, गंजाड करीत चारोटीला महामार्गाला लागायचे, महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडायचे आणि दापचरीवरून तलासरी गाठायची, हा आमचा ठरलेला रस्ता. तो महामार्ग तेव्हा ८ क्रमांकाचा होता, आता ४८ क्रमांकाचा झाला आहे.

पोरगा मितभाषी. गाडी पुसून लख्ख ठेवायचा. पण त्या वर्षी गणपतीनंतर हिशेबात काहीतरी बिनसले. लिटरमागे बारा किलोमीटर जाणारी जीप आठावर आली. शेजारचे एक दुकानदार वहीत डोकावून म्हणाले, "अहो, टाकीत नळी घालून काढतात. रात्रीतून कॅन भरतो!" मी हसलो खरा, पण शब्द मनात रुतून बसला.

तेव्हापासून मी रोज सकाळी अंगणात वाकून जीपखालची जमीन पाहू लागलो. जमीन कोरडी ठणठणीत! गळत असते तर डाग पडला असता. डाग नाही, म्हणजे गळत नाही. गळत नाही, म्हणजे कोणीतरी काढतो. शाळेत भूमितीची सिद्धता जमली की जो आनंद व्हायचा, तसाच काहीसा आनंद मला झाला, हे आज लाजत कबूल करतो.

मी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतले. किल्ली माझ्या खिशात. आणि महिनाअखेर त्याच्या पगारातून दोनशे रुपये कापले. त्याने नोटा मोजल्या, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता निघून गेला. त्याच्या न बोलण्यालाही मी कबुलीच समजलो.

वास्तविक तो बोलला होता. तीन वेळा बोलला होता. "शेठ, चालताना डिझेलचा वास येतो." मी म्हणालो, डिझेलच्या गाडीला अत्तराचा वास येणार का? "शेठ, चढाला गाडी दम टाकते." मी म्हणालो, गाडी जुनी आहे. "शेठ, सकाळी तीस-चाळीस वेळा हातपंप मारावा लागतो, तेव्हा चालू होते." हा मला त्याच्या उशिराचा बहाणा वाटला. प्रत्येक खुणेला माझ्याजवळ उत्तर तयार होते. तिन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे मात्र सुचले नाही.

वसुबारसेच्या दिवशी मी स्वतः बरोबर निघालो. दापचरीच्या पुढे एका चढावर जीप खोकली, धापली आणि थांबली. एका भल्या ट्रकवाल्याने दोर बांधून तलासरीपर्यंत ओढून नेले. तिथे रस्त्याकडेला एका मिस्त्रीचे पत्र्याचे गॅरेज होते.

मिस्त्री वयस्क होता आणि घाई त्याच्या गावीही नव्हती. मला वाटले, हा आता इंजिन उघडून बसणार. त्याने आधी माझ्या ड्रायव्हरला सगळे विचारले. वास केव्हा येतो? थांबल्यावर की चालताना? हातपंप किती मारावा लागतो? पोरगा सांगत होता, आणि मिस्त्री मान डोलावत होता. मी इतक्या दिवसांत जे ऐकले नाही ते त्याने पाच मिनिटांत ऐकून घेतले.

मग तो कामाला लागला. टाकीचे झाकण उघडायला त्याने माझ्याकडून किल्ली मागून घेतली. झाकणाचे हवेचे भोक बुजले तर टाकीतून तेल येत नाही, ते आधी पाहिले. ठीक होते. मग पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालू केले. "शेठ, टाकीपासून पंपापर्यंत तेल ओढले जाते. तिथे फट असली तर तेल बाहेर पडत नाही, हवा आत शिरते, बुडबुडे दिसतात. पंपाच्या पुढे तेल ढकलले जाते. तिथे फट असली तर तेल बाहेर." नळीत एकही बुडबुडा नव्हता.

फिल्टर नवा घातला आणि त्याच्या पुढे दाबाचा काटा जोडला. संथ चालीत काटा नीट उभा होता. इंजिनाचा वेग वाढवला की खाली लवे. मग पंपाचे तोंड क्षणभर बंद करून पाहिले, तर काटा ताठ चढला. पंप धडधाकट होता. "म्हणजे पंप देतोय, पण पुढे पोचत नाही. वाटेत कुठेतरी जातेय."

इंजिनाच्या मळलेल्या अंगावर ती वाट दिसणार कशी? मिस्त्रीने नळ्या फडक्याने कोरड्या पुसल्या आणि ड्रायव्हरला समोरच्या दुकानातून रांगोळीची पुडी आणायला सांगितली. चिमूटचिमूट पांढरी पूड नळ्यांवर पसरली आणि इंजिनाचा वेग वाढवला. फिल्टरपासून इंजेक्शन पंपाकडे जाणाऱ्या नळीवर, एका कंसाला घासून झिजलेल्या जागी, केसासारखी काळी रेघ उमटली आणि आमच्या डोळ्यांदेखत रुंदावत गेली.

नळी धरून ठेवणारी क्लिप कधीतरी पडली होती. गाडी थरथरली की चीर उघडे आणि तेल उडे. इंजिन थांबले की दाब संपे, गळती थांबे. राहिलेले तेल पंपाच्या झिजलेल्या झडपेतून मागे सरके आणि चिरेतून हवा शिरे. म्हणून सकाळचा हातपंप, म्हणून चढावरचा दम, म्हणून चालतानाच येणारा वास. आणि म्हणूनच माझे अंगण कोरडे! माझे डिझेल डहाणू ते तलासरी रस्त्यावर थेंबाथेंबाने पडत होते, आणि मी ते अंगणात शोधत होतो.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन चालवून दाखवले तेव्हा तेल आत फवारायला दाबाची हवा वापरावी लागे. बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून पंप बनवायला घेतले, तेव्हा कुठे हे इंजिन मोटारींच्या आवाक्यात आले. आताच्या गाड्यांत दाब हजार किलोच्या वर जातो. तिथे गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. ती धार कातडीतून आत शिरते. संगणक "दाब कमी" एवढे सांगतो. कुठे कमी, हे अजूनही त्या मिस्त्रीसारखे एकेक पायरी चढतच शोधावे लागते.

नवी नळी बसली, तांब्याचे वायसर बदलले, हवा काढली. काटा स्थिर उभा राहिला. मी तिथेच दोनशे रुपये ड्रायव्हरच्या हातावर ठेवले आणि म्हणालो, "चूक माझी झाली." त्याने पैसे मोजले, खिशात घातले आणि म्हणाला, "उजेड आहे तोवर निघू, शेठ."

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' माझ्या दुकानात विकायला असे. १९४५ साली याच मुलखात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली, ती हकीकत मी वाचली होती, चार लोकांना वाचायलाही दिली होती. आणि तरीही शेजाऱ्याचे एक वाक्य मला त्या सबंध पुस्तकापेक्षा खरे वाटले.

परतताना मी कुलूप काढून टाकले. तो पुढे दोन वर्षे माझ्याकडे राहिला. गाडी पुन्हा बाराला आली. पण तेव्हापासून डिझेल भरून आला की, मी मागण्याआधीच, तो पंपाची पावती माझ्यापुढे धरी. "अरे, राहू दे," मी म्हणे. तो पावती टेबलावर ठेवी, वर वजन ठेवी आणि जाई. दोन वर्षांत एकदाही तो पावती ठेवायला विसरला नाही.

नळीची चीर दिसायला एक पुडी रांगोळी पुरली. या वर्षीही उंबऱ्यावर रांगोळी पडेल, खण आवरला जाईल, आणि मी पुन्हा "राहू दे" म्हणेन.