फोटोतला जर्मन

आमच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे जुन्या बायका ॲल्युमिनियमच्या पातेल्याला अजूनही ‘जर्मनचं पातेलं’ म्हणतात. दुसरं महायुद्ध म्हणजे त्यांच्या लेखी ‘जर्मनची लढाई’. कुणी ब्रह्मदेशात गेला, कुणी आफ्रिकेत, कुणी इटलीत; गावाच्या तोंडी सगळे जर्मनशीच लढले.

अम्मीचे मोठे मामू हवाई फौजेत मेकॅनिक होते. मलकापूर स्टेशनवरून गेले, एकदा रजेवर येऊन गेले, पुन्हा आले नाहीत. मागे उरला पोस्टकार्डाहून लहान एक काळापांढरा फोटो. विमानाला पाठ लावून उभे, हातात टोपी. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची नानी, आता नव्वदीला टेकली आहे. तिचं म्हणणं ठाम: “बेटा, पीछे जर्मन का जहाज है.”

यंदा घरातल्या एका पोरानं मोबाइलवर त्या फोटोत रंग भरले. विमानावरच्या वर्तुळात लालभडक ठिपका आला, खाली मजकूर आला: ‘जर्मन विमान पाडल्यानंतर’. ग्रुपवर माशाअल्लाहचा पाऊस. २६ जानेवारीला हा फोटो शाळेत लावायचा, मजकूर सर तुम्हीच लिहा, असंही ठरलं.

मी उर्दू-मराठीचा मास्तर. पण मुलांना शब्दावर बोट ठेवून वाचायला लावतो, तसंच फोटोवर बोट ठेवलं.

जर्मन लढाऊ विमानावर क्रूस असतो, वर्तुळ नाही. क्रूसाजवळच्या अंकाच्या रंगावरून छोटी तुकडी कळते: पांढरा, लाल किंवा काळा, पिवळा. क्रूसामागे आडवी पट्टी असेल तर दुसरा गट, उभी असेल तर बहुधा तिसरा. शिवाय चिन्हं: ५४ क्रमांकाच्या दलाचं हिरवं हृदय, ५३ चा इस्पिक एक्का. गंमत अशी, की सारी ओळख रंगात आणि फोटो बिनरंगी. त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग काळा उमटतो आणि पिवळाही गडद होतो. म्हणून ‘लाल ५’ की ‘पिवळा ५’ यावर जाणकार आजही भांडतात.

मामूंच्या मागे क्रूस नाही. गडद वर्तुळ आहे आणि मधला ठिपका जवळजवळ पांढरा. लाल रंग इतका फिका उमटत नाही. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळात मध्यभागी लाल असायचा. पण जपान्यांचं चिन्हच लाल गोळा. आपल्याच माणसांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून या आघाडीवर तो लाल काढून टाकला, आणि १९४३ च्या सुमारास गडद निळ्यात फिका निळा ठिपका आला. पंखातून दोन लांब नळ्या पुढे आलेल्या दिसतात, पाठीला कुबड: हॉकर हरिकेन. म्हणजे विमान आपल्याच बाजूचं आणि समोर जपानी. मोबाइलनं नेमका तो ठिपका लाल केला, एकुलता एक साक्षीदार फितवला!

१९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांची १ नंबरची स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. मामू त्याच स्क्वाड्रनमध्ये होते, असं लिहा म्हणून घरच्यांनी आग्रह धरला. मी लिहिलं नाही. तुकडीची अक्षरं जिथं असायची, तिथं मामू स्वतः उभे आहेत. मेकॅनिकनं विमान पाडलं, हेही लिहिलं नाही. विमान उडतं ते त्याच्या पान्यावर, एवढं पुरेसं नाही का? पोरानं मजकूर काढला, रंग मात्र ठेवला.

नानीला सांगणं अवघड गेलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “तो भाईजान उधर नहीं गए थे, जिधर मैं सोचती थी?” मी म्हटलं, नाही, पूर्वेकडे. तिनं खाटेवरूनच मान वळवून खिडकीकडं पाहिलं. “वहाँ कबर होगी?”

दक्षिण आणि पूर्व आशियात गेलेल्या, कबर नसलेल्या हवाई सैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत. सगळी मिळून तिथं २४,००० हून जास्त नावं. इंग्रजीत ‘शेख’ चार तऱ्हांनी लिहिलं जातं. दोन तऱ्हा तपासून झाल्या, तिसरी चालू आहे. नानी रोज मगरिबनंतर विचारते.