मुक्तिनाथच्या वाटेवर भाड्याची मोटारसायकल

कल्याण–नगर महामार्गाने माळशेज घाट चढून आले की ओतूर लागते आणि ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की रस्त्यालगत आमचे पिंपरी पेंढार येते. चहूकडे ऊस आणि कांदा. उसात बिबट्याचे वास्तव्य असल्याने दिवस मावळल्यावर कोणी एकटे शेताकडे जात नाही. कांदा हे येथील पैसा देणारे पीक. आमच्यातील काही घरे कांद्याची आडत सांभाळतात; मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात तो कधी शिरत नाही.

याच गावात माझ्या वडिलांचे किराण्याचे दुकान होते. १९७० च्या सुमारास त्यांनी एका स्नेह्याच्या विहिरीवरील इंजिनाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. १९७२ चा दुष्काळ आला, विहीर कोरडी पडली, स्नेही हतबल झाला आणि कर्ज वडिलांच्या दारात आले. ते फेडताना प्रथम आईच्या पाटल्या गेल्या, मग दुकानातील निम्मा माल गेला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. वडिलांनी त्या स्नेह्याला कधी दूषण दिले नाही. कोणी विषय काढलाच तर एवढेच म्हणत, "सही केली होती." पुढे एम.कॉम. करताना भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२८ वाचले. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, हा त्याचा आशय. वर्गात तो नियम नवा वाटला नाही. आम्ही तो घरी जगलो होतो.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे डिसेंबर २०२३ मधील आमचा नेपाळचा प्रवास. चातुर्मास आटोपला, कार्तिकी पौर्णिमा झाली आणि माझ्या भाच्याने व त्याच्या पाच मित्रांनी मोटारसायकलवरून मुक्तिनाथला जाण्याचा बेत पक्का केला. सहाही जण दुकानदार. कोणाची आडत, कोणाचे खतांचे दुकान, भाच्याचे बांधकाम साहित्याचे. "मामा, तुम्हीही चला, माझ्यामागे डबलसीट बसा," असा भाच्याचा आग्रह. निवृत्तीनंतरचे दिवस मोकळे होते. मी होकार दिला.

प्रथम विचार होता तो स्वतःच्या गाड्या नेण्याचा. भारतीय वाहन नेपाळात नेता येते. सीमेवर 'भन्सार', म्हणजे तेथील जकात, भरून मुदतीचा परवाना मिळतो आणि अधिक हप्ता देऊन वाहनविम्याचे क्षेत्र नेपाळपर्यंत वाढवून घेता येते. परंतु जुन्नरहून सोनौलीची सीमा दीड हजार किलोमीटरांहून दूर. जाण्यायेण्यातच आठवडा मोडला असता आणि दहा दिवसांहून अधिक काळ गल्ला दुसऱ्याच्या हाती देण्यास कोणीही तयार नव्हते. म्हणून मुंबईहून विमानाने काठमांडू, तेथून बसने पोखरा आणि पोखऱ्यात गाड्या भाड्याने, असे ठरले.

पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी अशी दुकाने ओळीने आहेत. आम्ही निवडलेले दुकान एक प्रौढ बाई चालवीत होत्या. पाच गाड्या चारशे सीसीच्या आसपासच्या आणि एक दीडशे सीसीची, अशा सहा गाड्या त्यांनी अंगणात उभ्या केल्या. मुलांचे डोळे गाड्यांवर होते, माझे टेबलावरच्या कागदावर. कागद एकच होता आणि सहाही गाड्यांसाठी एकाच व्यक्तीने त्यावर सही करावयाची होती. गाडीला काही झाल्यास नुकसान मालक ठरवील, दुरुस्ती होईपर्यंतच्या दिवसांचे भाडेही सही करणाराच भरील आणि तारण म्हणून त्याचा पासपोर्ट दुकानात राहील, अशी त्यातील कलमे. मुले म्हणाली, "मामा, तुम्ही बँकेतले, तुम्हीच करून टाका सही."

मी पेन खाली ठेवले. त्या क्षणी मला पिंपरी पेंढारचे ते अर्धे रिकामे दुकान दिसले, हे मुलांना सांगण्यासारखे नव्हते. मी एवढेच म्हणालो, की ज्याची गाडी त्याची सही. पासपोर्टबद्दलही माझे म्हणणे होते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्टचे स्वामित्व केंद्र सरकारकडे असते; आपण केवळ धारक. जी वस्तू आपली नाही, ती गहाण कशी ठेवावी? त्याऐवजी रोख अनामत घ्यावी, प्रत्येक गाडीचा स्वतंत्र कागद करावा आणि आज असलेले ओरखडे त्यावर नोंदवावेत, असे मी सुचवले. बाई रागावतील असे वाटले होते. त्यांनी कपाटातून कोरे अर्ज काढले आणि म्हणाल्या, वाचून सही करणारी माणसे येथे क्वचितच येतात. अनामतीचा हिशेब सोपा होता. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांस एकशे साठ नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. त्यामुळे बँकवाल्यालाही तेथे विनिमयदराची चिंता नसते.

खरी अडचण पुढे आली. अर्जात परवान्याचा रकाना होता. भाच्याचे कार्ड हातात घेतले, तर त्यावर केवळ गिअर नसलेल्या दुचाकीची नोंद. स्कूटरवर चाचणी सोपी, म्हणून त्याने कॉलेजात असताना तोच परवाना काढला होता. चालवीत मात्र होता गिअरची गाडी, तीही माझ्यापेक्षा शतपटीने उत्तम.

"मामा, इथं कोण बघतंय लायसन?" तो हळूच म्हणाला.

बघत खरेच कोणी नव्हते. आपला परवाना नेपाळात चालतो आणि दुकानात कार्ड आहे एवढेच पाहिले जाते. पण आम्ही भारतातून प्रवासविमा घेतला होता आणि त्याच्या अटी मी विमानात वाचल्या होत्या. चालविणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना नसेल, तर अपघाताचा खर्च मिळणार नव्हता. माझा परवाना १९८४ चा, गिअरच्या गाडीचा, वेळोवेळी नूतनीकरण केलेला. वसुलीसाठी खेडोपाडी राजदूत हाकण्यात माझी दहा वर्षे गेली होती. तेव्हा दीडशे सीसीची गाडी मी चालवावी आणि भाच्याने मागे बसावे, असे मी ठरवून टाकले. मित्रांदेखत त्याचा चेहरा उतरला. पुढचे तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

पोखऱ्याहून मुक्तिनाथ पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. कुश्मा, बेनीपर्यंत रस्ता बरा. त्यापुढे कालीगंडकीच्या दरीत शिरले की धूळ, खडी आणि डोंगर फोडण्याचे काम. एका हाताला अन्नपूर्णा (८,०९१ मीटर), दुसऱ्या हाताला धवलगिरी (८,१६७ मीटर), आणि मधून नदी. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा आमच्यातील काहींचा नियम या प्रवासात फार उपयोगी पडला. चार वाजले की मुक्काम शोधायचा, हे आपोआप ठरून गेले आणि डोंगरातील अंधारात गाडी हाकण्याचा प्रसंग एकदाही आला नाही. कांदा, लसूण, बटाटा नको असे सांगितले की ठकाली घरांत डाळ, भात, पालेभाजी आणि फापराची, म्हणजे कुट्टूची, भाकरी मिळे. मार्फाची सफरचंदे तर रस्त्याकडेला ढिगाने.

या दरीतील तुकुचे गावी आम्ही थोडे अधिक थांबलो. व्यापाऱ्याने पाहावे असे हे गाव आहे. तिबेटचे मीठ खाली यायचे, नेपाळचे धान्य वर जायचे आणि ती अदलाबदल ठकाली लोकांच्या हातून होई. एकोणिसाव्या शतकात मिठाच्या जकातीचा ठेका येथील सुब्बांकडे होता. १९५९ नंतर तिबेटची सीमा आवळली गेली, मिठाचा व्यापार ओसरला आणि ही घराणी पोखरा, काठमांडूकडे पांगली. मोठ्या चौकांचे जुने वाडे अजून उभे आहेत. आमच्या जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनकालीन वाटेवर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. ते वाडे पाहताना तो रांजण आठवला. घाट कोणताही असो, वाट वापरणाऱ्याने मोल मोजावे, हा व्यवहार जुनाच.

ठकालींची आणखी एक प्रथा कळली, ती 'ढिकुर'. काही जणांनी ठरावीक रक्कम जमा करायची आणि ती पाळीपाळीने एकेकाने भांडवल म्हणून उचलायची. "म्हणजे आपली भिशीच की!" आडतवाला मित्र उद्गारला. भिशी शब्दावर चालते, हे खरे. परंतु ती चालते कारण प्रत्येकाला आपला हप्ता नेमका ठाऊक असतो. मी हे भाच्याकडे न पाहता बोललो. त्याने ते ऐकले असावे.

मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटरांवर. मंदिरामागच्या भिंतीतून १०८ धारा पडतात. हिंदू आणि बौद्ध, दोघेही हे स्थान पवित्र मानतात. पहाटे त्या धारांच्या कडेला बर्फ धरला होता. दर्शन, छायाचित्रे, चहा यांत अकरा वाजले आणि तेथे आमची चूक झाली. कालीगंडकीच्या दरीत दुपारकडे दक्षिणेचा वारा सुटतो, तो सायंकाळपर्यंत थांबत नाही. जोमसोमला विमानेदेखील म्हणूनच सकाळी उतरतात. मला हे ठाऊक होते. तरीही घाई करून मुलांचा विरस करणे मला जमले नाही.

कागबेनी मागे टाकून आम्ही नदीच्या कोरड्या पात्रालगत आलो, तेव्हा वारा समोरून अंगावर येत होता. धुळीने काच भरली. ती पुसावी म्हणून मी गाडी थांबवली, पाय टेकला तो सुट्या गोट्यांवर, आणि दोघांसह गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. भाचा चपळाईने बाजूला सरला. माझे मनगट खाली सापडले. त्याने एकट्याने गाडी उचलली, मला बसते केले, पाणी दिले. क्लचचा लिव्हर मोडला नव्हता, वाकला होता. आरसा आणि इंडिकेटर फुटले होते. गाडी चालण्याजोगी होती. चालवण्याजोगा मी नव्हतो.

सहा गाड्या आणि आता परवान्याचे पाचच हात. वारा वाढत होता. बाकीचे मित्र जमा झाले आणि सर्वांच्या मनात एकच उपाय आला. तो माझ्याही मनात आला. वाचकहो, लपवण्यात अर्थ नाही: उजव्या हाताने मी किल्ली भाच्यापुढे धरली. तीन दिवस ज्या कागदासाठी त्याला मागे बसवले, तो कागद माझे मनगट दुखताच मला हलका वाटू लागला होता.

त्याने किल्ली घेतली, कुलूप लावले आणि ती माझ्या खिशात परत टाकली.

"नको मामा. सही तुमची आहे," तो म्हणाला. "मी पिकअप बघतो."

तासाभराने तो एक पिकअप घेऊन आला. गाडी दोरांनी बांधली, तिच्याशेजारी तो स्वतः उभा राहिला आणि मला चालकाजवळ बसवले. जोमसोमला हाताची तपासणी झाली. हाड शाबूत होते, मुरगळ होती. दुसऱ्या दिवशी तीच व्यवस्था पोखऱ्यापर्यंत. पिकअपचे पैसे गाडीच्या चार दिवसांच्या भाड्याहून अधिक झाले. ते मी दिले. औषधोपचाराचा खर्च इतका थोडा निघाला, की तो विम्याच्या किमान मर्यादेखालीच राहिला. तेव्हा कागद वाचल्याने पैसे वाचले, असे मी म्हणणार नाही.

दुकानात बाईंनी गाडी निरखली, टाकीवरच्या एका ओरखड्यावर बोट ठेवले, मग आमचा नोंदीचा कागद पाहिला आणि बोट मागे घेतले. लिव्हर, आरसा, इंडिकेटर यांचे पैसे कापून अनामत परत मिळाली. निघताना त्यांनी माझ्या पट्टी बांधलेल्या हातासाठी गरम पाण्याची पिशवी दिली.

आमच्या वाचक-परिवारांतील मुले आज अशा सहलींना जातात आणि त्यांनी जावेच. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना एवढे सांगावे, की परक्या देशात एकाने सर्वांसाठी सही करू नये, पासपोर्ट तारण ठेवू नये, परवान्यावरील वाहनाचा प्रकार घरीच पाहावा आणि गाडी ताब्यात घेताना तिची छायाचित्रे काढावीत. मित्रांतील विश्वास असा कागदावर आला म्हणून उणा होत नाही. माझ्या वडिलांना कोणी तो कागद वाचून दाखवला असता, तर त्यांनी कदाचित सही तरीही केली असती. पण किती रकमेसाठी करतो आहोत, हे जाणून केली असती.

जानेवारीत भाचा घरी आला. गिअरच्या गाडीचा परवाना काढण्यासाठी अर्ज केला होता, ते सांगितले. मग पिशवीतून पावतीपुस्तक काढले. त्याच्या दुकानातून स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने जातात. पुस्तकावर छापले होते: 'नुकसान झाल्यास दुकानदार ठरवील ती रक्कम द्यावी लागेल.'

"मामा, हे नीट लिहून द्या," तो म्हणाला. "माणूस वाचेल असं."

आम्ही दोघांनी मिळून नवी पावती केली. प्लेटा किती, वाकलेल्या किती, रोजचे भाडे किती, हरवल्यास प्रत्येकी किती, आणि खाली दोघांच्या सह्या. ती पावती आता पिंपरी पेंढारला चालू आहे.