अम्मींच्या फोनचं कव्हर

मोबाइलचं कव्हर हा मासिकात लिहायचा विषय आहे का, असं आमचं आम्हालाच वाटत होतं. पण साडेतीनशे रुपयांच्या त्या वस्तूमुळे आमच्या घरात तेवीस दिवस जे झालं, ते आणखी कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून आम्ही दोघं मियाँ-बीवी बसून हे लिहीत आहोत.

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी सोलापूरहून आमच्याकडे पुण्याला आल्या. एकीच्या सासू, दुसऱ्याची आई. घरात मात्र दोघांच्याही अम्मीच. जानेवारीअखेर आम्ही वाकडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सामान हलवण्याच्या गडबडीत अम्मींचा फोन लिफ्टच्या दारात पडला आणि काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. दुरुस्तीला बत्तीसशे रुपये सांगितले. "एवढ्यात थोडे घालून नवाच घेऊ," असं आम्ही म्हणालो, पण अम्मी ऐकेनात. तो फोन मरहूम अब्बांनी घेऊन दिलेला होता.

काच बदलली आणि त्याच संध्याकाळी चौकातल्या दुकानातून आम्ही कव्हर घेतलं. पुस्तकासारखं उघडणारं, तपकिरी, चामड्यासारखं दिसणारं. आत एटीएम कार्ड ठेवायला खाच, आणि बंद केलं की टक्कन चिकटणारं झाकण. अम्मींना ते फार आवडलं. "अब पर्स की भी जरूरत नहीं," त्या म्हणाल्या. आम्हीही खूश होतो. फोन पुन्हा फुटू नये एवढंच आमच्या डोक्यात होतं.

घरी आल्यावर मगरिबची वेळ झाली आणि अम्मींनी विचारलं, "किब्ला किधर है?"

सोलापूरच्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. तिथे ज्या भिंतीकडे तोंड करून अब्बांच्या वालिदांनी नमाज पढली, तिच्याकडेच सगळे पढत आले. इथे सगळंच नवीन. आमच्या खिडक्यांसमोर शेजारची इमारत उभी आहे. ऊन कुठून येतं आणि कुठे जातं ते कळत नाही. आम्ही दोघं सकाळी लवकर बाहेर पडतो, परततो तेव्हा अंधार झालेला असतो. आम्ही अम्मींच्याच फोनवर किब्ल्याचं ॲप उघडलं. बाण फिरला, थांबला. आम्ही जानमाज अंथरली. अम्मींनी त्या दिशेला नियत बांधली, मग आम्हीही.

शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद बघायला सगळे गच्चीवर गेलो. वाकडला आल्यापासून अम्मी पहिल्यांदाच गच्चीवर आल्या होत्या. सूर्य मावळत होता. सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे, अम्मी मात्र पाण्याच्या टाकीकडे बघत होत्या. मग सूर्याकडे, पुन्हा टाकीकडे. हळूच म्हणाल्या, "अपना मुसल्ला तो टाकी की तरफ है ना?"

टाकी आमच्या हॉलच्या बरोबर वर, दर्शनी भिंतीच्या बाजूला. सूर्य मावळत होता त्याच्या डाव्या हाताला. महाराष्ट्रातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. आम्ही तेवीस दिवस जवळजवळ दक्षिणेकडे तोंड करून नमाज पढत होतो.

थोड्या वेळाने चांद दिसला. सगळ्यांनी एकमेकांना मुबारक दिली. अम्मी काही बोलल्या नाहीत.

तरावीहहून आल्यावर आम्ही फोन घेऊन बसलो. कव्हरसकट ॲप उघडलं की बाण टाकीकडे. झाकण मागे दुमडलं की बाण भलतीकडेच. फोन कव्हरातून बाहेर काढला आणि हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तीन-चार वेळा फिरवला, तर बाण सरळ सूर्य मावळला होता त्याच्या थोडं उजवीकडे जाऊन स्थिर झाला. आमचा अयान दहा वर्षांचा आहे. त्याने शिवणाच्या डब्यातली सुई आणून झाकणाला लावली. सुई चिकटून बसली.

तो टक्कन आवाज चुंबकाचा होता. फोनमध्ये दिशा सांगणारा एक बारीक भाग असतो, तो पृथ्वीचं चुंबकत्व ओळखतो. ते इतकं मंद असतं की बोटभर अंतरावर साधा चुंबक आला तरी तो भाग गोंधळतो. ॲपचा दोष नव्हता, फोनचा नव्हता, आणि दुकानदाराला तरी काय माहीत की हे कव्हर कुणी नमाजसाठी नेणार आहे! आमच्यातल्या एकाच्या फोनला पाठीमागे गाडीतल्या स्टँडसाठी लोखंडी चकती चिकटवलेली होती. तो फोनही चुकीचंच दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी अम्मींनी सोलापूरला मौलानासाहेबांना फोन केला. दार लावून बराच वेळ बोलल्या. ते काय म्हणाले हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण त्या रमजानमध्ये त्या प्रत्येक नमाजनंतर जास्त वेळ जानमाजवर असायच्या. आमच्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवं कव्हर घ्यायला या वेळी आम्ही अम्मींनाही नेलं, आणि अयानने खिशात टाचणी घेतली. प्रत्येक कव्हराला तो पुढून-मागून टाचणी लावून बघत होता. दुकानदार हसला, पण त्याने एकामागून एक कव्हरं काढून दिली. टाचणीची ही परीक्षा फुकटची आहे. झाकणवालं कव्हर, पाठीमागची अंगठी, गाडीतला स्टँड, कशालाही लावता येते. हल्ली काही फोनच्या पाठीतच चुंबकाचं कडं असतं आणि त्याला साजेशी कव्हरं निघाली आहेत. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी असा फोन छातीच्या खिशात ठेवू नये, निदान वीतभर लांब ठेवावा. एटीएम कार्डामागची काळी पट्टीही चुंबकाने खराब होऊ शकते. म्हणजे ज्या खाचेवर अम्मी खूश होत्या, ती त्यांच्या कार्डालाही सोयीची नव्हती.

एका कव्हरावर इंग्रजीत 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेलं होतं. आम्ही त्याला भुललो नाही, कारण तोवर थोडं वाचून झालं होतं. अमेरिकी सैन्याच्या सामानासाठी एक चाचणी-पद्धत आहे, त्यात वस्तू सव्वीस वेळा, चार फुटांवरून, वेगवेगळ्या बाजूंनी, काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर पाडतात. पण सैन्य काही कव्हराला शिक्का देत नाही. कंपनीने ती चाचणी केली असेल, अर्धी केली असेल किंवा नुसतं लिहिलं असेल. पाकिटावरून समजत नाही. आणि आमच्या घरात प्लायवूड नाही, फरशी आहे.

त्यापेक्षा आम्ही कव्हर घातलेला फोन काउंटरवर पालथा ठेवला. काच काउंटरला टेकली तर कव्हर परत. कड काचेपेक्षा जराशी वर हवी, कॅमेऱ्याभोवतीही. मग कोपरे दाबून पाहिले, कारण फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावरच पडतो आणि तिथून तडा सुरू होतो. नुसतं टणक प्लॅस्टिक सुंदर दिसतं पण धक्का पुढे ढकलतं. लवचिक, रबरासारखं, कोपऱ्यात जाड असलेलं कव्हर धक्का स्वतःत जिरवतं. पारदर्शक घेतलं तर काही महिन्यांत ते पिवळं पडणार हे धरूनच चाला. तो मळ नसतो, घासून जात नाही. आम्ही गडद निळं घेतलं.

काचेवर लावायची टेम्पर्ड काच आम्ही शंभर रुपयांची घेतली. दुकानदार 'नाइन एच' म्हणाला. हा आकडा पेन्सिलींच्या टणकपणाचा असतो. हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. वाळूच्या कणाने तिच्यावर ओरखडा येतोच. पण फुटायचं झालं तर पुष्कळदा आधी ती फुटते, एवढ्यासाठी शंभर रुपये वाया नाहीत. अयानच्या टॅबसाठी फोमचं, वर धरायला कडी असलेलं कव्हर घेतलं. ओबडधोबड आहे, त्याला लाज वाटते, पण दोनदा पडूनही टॅब शाबूत आहे. चार्जिंगला लावल्यावर टॅब फार गरम झाला तर मात्र ते काढून ठेवावं लागतं.

अम्मींनी एकच गोष्ट स्वतः मागितली: मनगटात अडकवायची दोरी. त्यांचे हात अलीकडे थरथरतात. आम्ही हे तोवर नीट पाहिलंच नव्हतं. फोन लिफ्टच्या दारात गडबडीमुळे पडला असं आम्ही समजत होतो. कव्हराला दोरीसाठी कोपऱ्यात भोक असलेलं एकच कव्हर दुकानात होतं, तेच घेतलं.

जवळच्या मशिदीत जाऊन, बिनकव्हराच्या फोनवर पुन्हा पाहून जानमाजची जागा बदलली होती. पण अम्मींचं मन फोनवर भरत नव्हतं. मौलानासाहेबांनी त्यांना एक जुनी रीत सांगितली होती. वर्षातून दोनदा, मेच्या 27-28 तारखेला आणि जुलैच्या 15-16 तारखेला, मक्केत दुपारी सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो. त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथे सूर्याकडे तोंड केलं की किब्ल्याकडेच तोंड होतं. भारतात ती वेळ मेमध्ये दुपारी 2 वाजून 48 मिनिटं, जुलैमध्ये 2 वाजून 57 मिनिटं. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, म्हणून मे गाठला.

28 मेला आम्ही दोघांनी अर्धी रजा काढली. गच्चीवर सुतळीला पाण्याची भरलेली बाटली बांधून लटकवली. ऊन होतं, मधूनच ढग येत होते. अम्मी डोक्यावर दुपट्टा घेऊन टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या, फोन मनगटाला. 2 वाजून 48 मिनिटं झाली तेव्हा अयानने सुतळीच्या सावलीवर खडूने रेघ मारली. मग ती रेघ आणि कठड्याची भिंत यांच्यातला कोन त्याने पुठ्ठ्यावर कापून घेतला, आणि आम्ही तो पुठ्ठा खाली हॉलमध्ये आणून त्याच बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवला.

जानमाजच्या टोकाशी चार बोटांचा फरक निघाला. अम्मींनी स्वतः वाकून जानमाज तेवढी सरकवली. फरशीवर पट्टी चिकटवायला अयान लाल टेप घेऊन आला, तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"टाचणी लावून बघितलीस का याला?"