प्याला, पोर आणि दफ्तर

दारूविषयीं आमच्या पिढीचें जें कांहीं शिक्षण झालें, तें बव्हंशीं गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकानें केलें. त्यांतील सुधाकर स्वतः वकील. परंतु त्याचा निवाडा कोर्टांत न होतां घरांतच झाला. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या मुलांचें तसें नाहीं. तेथें प्याल्याची गांठ मोटारीशीं पडते आणि मोटारीमागोमाग कायदा घरांत शिरतो.

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं मध्यंतरीं आम्हांस विचारलें, "मुलावर तिकडे दारू पिऊन गाडी चालविल्याचा ठपका आला आहे. सुनेशीं बेबनाव आहेच. नात त्याच्याकडे राहूं देतील का हो?" आम्ही पडलों साहित्याचे शिक्षक, तरी पुस्तकें उघडलीं. पहिलीच गोष्ट ध्यानांत आली ती ही, कीं अशा बाबतींत अमेरिकन कायदा म्हणून कांहीं एक नाहींच. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत.

रक्तांतील मद्यार्काची मर्यादा शेंकडा 0.08 ही बहुतेक सर्वत्र सारखी; यूटानें ती 2018 च्या अखेरीस 0.05 वर आणली. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03, म्हणजे याहूनहि कडक. साम्य येथेंच संपतें. डेलावेअर नदीच्या एका तीरावर न्यू जर्सी, दुसऱ्यावर पेनसिल्व्हेनिया. न्यू जर्सींत हा वाहतुकीच्या नियमाचा भंग. पेनसिल्व्हेनियांत फौजदारी गुन्हा. तेव्हां न्यू जर्सीचा इसम सुदैवी म्हणावा, तर प्रकार उलटा आहे. पेनसिल्व्हेनियांत पहिल्याच प्रसंगीं पुष्कळांना देखरेखीखालीं सुधारण्याची संधि मिळते. ती पार पडली कीं आरोप रद्द होऊन कोर्टांतील नोंद पुसतां येते. न्यू जर्सींत नोंदी पुसण्याचा कायदा मोटारविषयक दोषांना लागूच नाहीं! जो गुन्हाच नव्हे, त्याला क्षमाहि नाहीं.

गाडींत मूल असलें म्हणजे दोषाचें नांव पुन्हां पालटतें. विस्कॉन्सिनांत पहिला प्रमाद फौजदारी गुन्ह्यांत मोडत नाहीं. पण 16 वर्षांखालील मूल सोबत असलें कीं मोडतो. न्यूयॉर्कांत 2009 सालीं 11 वर्षांची एक मुलगी अशा अपघातांत दगावली, आणि त्याच वर्षीं 15 वर्षांपर्यंतचें मूल घेऊन झिंगलेल्या स्थितींत गाडी चालविणें हा पहिल्याच खेपेस 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा, ठरला.

राहिला मुलाच्या ताब्याचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टाला ताबा देण्यापूर्वीं आईबापांवर सिद्ध झालेले कांहीं ठराविक गुन्हे पाहावेच लागतात, व त्या यादींत हा गुन्हाहि आहे. पण तेथें प्रश्न शिक्षेचा नसतो. या माणसापासून मुलाला धोका आहे काय, एवढाच असतो. आपल्या 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानेंहि मुलाचें हितच प्रमाण मानलें आहे.

स्नेह्यांना आम्ही इतकेंच सांगितलें, कीं निकाल वकिलाला विचारा. पण चिरंजीवांना नोंद पुसण्याआधीं प्याला सोडावयास लिहा. कारण फौजदारी कोर्ट घडलेल्याकडे पाहतें व दफ्तर तें धरून ठेवतें. मुलाचें हित पाहणारें कोर्ट मात्र उद्यांकडे पाहतें. दोष सिद्ध झाला एवढ्यानें बाप मुलाला मुकत नाहीं, आणि नोंद पुसली गेली एवढ्यानें तो विश्वासास पात्रहि होत नाहीं. ती पात्रता कोणत्याहि राज्याचा कायदा देऊं शकत नाहीं. ती रोज संध्याकाळीं शुद्धीवर घरीं येऊनच मिळवावी लागते.